नाक्याअलीकडं देव, पलीकडं राज्य

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज यायचा जात्याचा आणि दुसरा देवावरून चाललेल्या भांडणाचा. माय जात्याशी बसलेली असायची, बापू गोठ्यातून शेणानं भरलेले हात घेऊन यायचे आणि काल रात्री भांडण जिथं टाकलं होतं तिथूनच उचलायचे. मायचं माहेर औंढ्याकडचं, त्यामुळे महादेव हा तिला माहेरच्या माणसासारखा. त्याला नावं ठेवायची तर तिनं ठेवावीत, दुसऱ्यानं नाही. बापूंच्या गळ्यात माळ. त्यांचं म्हणणं असं, की तुझा देव खंडीभर बेल घेतो आणि पावसाचं विचारलं की डोळे मिटून बसतो. "मग तुमचा काय करून राहिलाय?" माय जातं न थांबवता विचारायची. "हात कमरेवरून काढायला तयार न्हाई. असा माणूस मी शेतावर रोजानं ठेवला नसता." यावर बापू इतके हसायचे की हातातलं शेण गळून पडायचं, आणि मग हसल्याचा राग येऊन पुन्हा भांडायचे.

या भांडणाला आमच्या अंगणात चार पायांचा पुरावा बांधलेला असायचा. थोरल्या भावाच्या पाठची, माझ्या आधीची दोन लेकरं गेली, तेव्हा मायनं गावाबाहेरच्या दर्ग्यात पीराला नवस केला होता, की पुढचं लेकरू जगलं तर बोकड कापून कंदुरीचं जेवण घालीन. मी जगले, चांगली धष्टपुष्ट जगले, आणि पंचाईत झाली. माळकऱ्याच्या घरात बोकड कापायचा कसा? बापू म्हणायचे, मलिदा वाहू. माय म्हणायची, बोकड बोलले तर बोकडच. दोघांचं एकमत होईपर्यंत म्हणून तो बोकड दावणीला राहिला आणि त्याला दाढी आली, ती पांढरी झाली. दरवर्षी दर्ग्याचे मुजावर चाँदभाई चहाला यायचे, ओट्यावर बसून दोन्ही बाजू नीट ऐकून घ्यायचे, मध्येमध्ये तेल ओतायचे आणि उठताना म्हणायचे, "भाबी, पीराला घाई न्हाई. तुमचं बराबर चालू द्या." मी लहानपणी समजायची की बोकड माझ्याच नावाचा आहे म्हणजे माझा भाऊच आहे. चौदा-पंधरा वर्षांची झाले तरी सणाला त्याला ओवाळायची. तो ताटातली सुपारी खायचा.

हे सगळं खुशाल, दार उघडं टाकून, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं. देवाबद्दल काहीही बोला. पण राज्याबद्दल अक्षर काढायचं नाही. आमची बाजू निजामाची, म्हणजे मोगलाई, आणि कनेरगावचा नाका ओलांडला की पलीकडं वऱ्हाड. आमचं गाव नाक्यापासून कोस-दीड कोसावर. गावातली जाणती माणसं दर पंधरवड्याला पलीकडच्या बाजारात जायची. बायकांना सांगायची, मीठ आणायला चाललो. खरं कारण वेगळं होतं. नाका ओलांडून थोडं पुढं एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली चहाची टपरी. तिथं बसून आमची माणसं पंधरवड्याचं सगळं राजकारण बोलून घ्यायची. गावात ज्यांच्या तोंडून "व्हय" आणि "न्हाई"च्या पलीकडं काही निघत नसे, ते तिथं टेबलावर मुठी आपटत, असं गोविंदमामा सांगायचे. गोविंदमामा म्हणजे मायचे भाऊ, ते नाक्याजवळच राहत. परत येताना नाक्याच्या आधी एक ओढा लागायचा. तिथं सगळ्यांनी खाली उतरून चूळ भरायची, असा नेम होता. कोणी सुरू केला ठाऊक नाही, पण पाळायचे सगळे. बापूही खळखळून चूळ भरायचे, थुंकायचे, मिशा पुसायचे आणि मग मोगलाईत पाऊल टाकायचे. पुढं गावापर्यंत हरिपाठ.

आज माझा मुलगा आणि सून ताटावर बसल्या बसल्या राज्यकर्त्यांना अशा काही शिव्या घालतात की वरण निवून जातं. पण मी एकादशीचा नुसता विषय काढला की दोघंही ताटं उचलतात. "आई, ज्याचं त्याचं असतं ते," सून म्हणते, फार गोड आवाजात. मी बसते बिचारी. आमच्या वेळी नेमकं उलटं होतं, हे सांगायला गेले तर तेही त्यांना राजकारण वाटतं की धर्म, हे मला कळत नाही.

मी ज्या दिवसांबद्दल सांगते आहे ते दिवस चमत्कारिक होते. नाक्यापलीकडचा इंग्रज गेला होता आणि अलीकडं काहीच झालं नव्हतं. म्हणजे वरवर काही नाही. आत सगळं उकळत होतं. मीठ मिळेना, घासलेट मिळेना, साखर तर आम्ही विसरलो होतो. पलीकडच्या बाजाराला जाणं बंद पडलं. लिंबाखाली बसणारी माणसं आता एकमेकांशी बैलांच्या खुरांबद्दल बोलत. आणि त्यातच माझा थोरला भाऊ किसन एके दिवशी मोट अर्ध्यावर सोडून निघून गेला. किसन डावखुरा. डाव्या हातानं चाबूक धरायचा, डाव्या हातानं विळा, आणि मायनं उलथन्यानं मारमारून पाहिलं तरी जेवायचाही डाव्याच हातानं. विहिरीवर त्याचा आवाज असा घुमायचा की मोटेच्या करकरीवर ताण. तो गेल्यावर मोट करकरायची, पण वर आवाज नसायचा. गावातली अजून दोन पोरं त्याच सुमारास नाहीशी झाली. ती कुठं गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरहद्दीपलीकडं पोरांचे तळ पडले होते, तिथं राहून इकडच्या राज्याविरुद्ध काय काय चालायचं. ज्यांच्या घरचं पोरगं तिकडं आहे असं ठरायचं, त्या घरावर राज्याकडची माणसं यायची. शेजारच्या गावात एका घराचं धान्य, गुरं, दारं-चौकटीसुद्धा गेल्या होत्या आणि म्हातारा कुठं नेला ते कळलं नव्हतं. म्हणून आमच्या घरात किसनचं उत्तर ठरलेलं होतं: शेतावर गेलाय. जेवणाच्या वेळी कोणी आलं तरी शेतावर, पावसात आलं तरी शेतावर. माय त्याचं ताट मांडायची आणि पालथं घालून ठेवायची. तो जिवंत आहे की नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं.

आणि अशात माझं लग्न ठरवायला काढलं. हसू नका, काढावंच लागलं. जवळा बाजारचे एक सरकीचे व्यापारी माझ्या मागं लागले होते. मागं लागले म्हणजे त्यांच्या बहिणी लागल्या होत्या. पहिली बायको वारलेली, दोन लेकरं, तपकिरीची डबी, आणि वय माझ्या धाकट्या काकांएवढं. त्यांनी निरोप धाडला होता, की दिवस वाईट आहेत, वयात आलेली पोरगी घरात ठेवू नका, आम्हाला द्या. बापूंना हे स्थळ नको होतं, मायला त्याहून नको होतं आणि मला तर असं वाटायचं की त्या घरात जाण्यापेक्षा मी बोकडाबरोबर पीराला जाईन. तेव्हा गोविंदमामांनी वऱ्हाडातलं एक स्थळ काढलं. नारायणराव म्हणून खातेदार, घरची विहीर, धाकटा मुलगा लग्नाचा, वय माझ्याहून थोडंच जास्त, आणि शिकलेला. मुख्य म्हणजे लग्न होऊन पोरगी नाक्यापलीकडं गेली असती. "एक तरी लेकरू तिकडं उजळ माथ्यानं ऱ्हाईल," असं माय एकदा चुलीपुढं स्वतःशीच म्हणाली. मी ऐकलं. तेव्हापासून मी रोज महादेव, विठोबा आणि पीर या तिघांनाही एकाच दमात हात जोडत होते. कोणाला वाईट वाटायला नको.

मामांना दोन्ही घरांतलं सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी दोन्ही घरांना काहीच सांगितलं नव्हतं. पुढं विचारलं तर म्हणाले, सोयरीक म्हणजे रानातली पायवाट, आधीच काटे मोजून दाखवले तर चालणार कोण?

पाहुणे सकाळच्या उन्हात छकड्यानं आले. नाक्यावर त्यांनी काय सांगितलं देव जाणे. परमुलखातला माणूस गावात आला की पाटलांना कळवायचं, असा कायदा होता, म्हणून पाटीलकाकाही येऊन बसले. पाटीलकाका माणूस वाईट नव्हता. पण त्यांना दर आठवड्याला हिंगोलीला जाऊन, गावात कोण आलं, कोण गेलं, काय बोललं, याचा जबाब द्यावा लागे, आणि त्यात कमी पडलं तर त्यांच्याच पाठीवर निघे. बाकीचा गाव आमच्या दारात आणि खिडकीत. मुलगी दाखवायचा कार्यक्रम तेव्हा फुकटचा तमाशाच असे. माय आत चुलीवर धपाटे लावत होती, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला होता, आणि मला पाटावर आणून बसवलं.

आता, बघायला आलेल्या लोकांपुढं मुलीनं मान वर करायची नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्यामुळे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग मी नुसता पायांवरून पाहिला आहे. पण पाय खोटं बोलत नाहीत. बापूंचे पाय भेगाळलेले, धुऊनही काळ्या मातीच्या रेघा राहिलेले. पाटीलकाका खाटेवर, त्यांचा एक पाय सारखा झुलायचा. नारायणरावांचे पाय स्वच्छ, वर जाड्याभरड्या पांढऱ्या धोतराचा काठ. दाराशी त्यांची बायको गोदावरीबाई, जोडव्यांचे, थोडे सुजलेले पाय. आणि त्यांच्या पलीकडं दोन तरणी पावलं, उजव्या अंगठ्याचं नख ठेच लागून काळं पडलेलं. तो अंगठा दुसऱ्या पावलाखाली लपायला बघत होता आणि मी बघते आहे हे कळलं की आणखी लपत होता. मी त्या अंगठ्याच्या प्रेमात पडले. तोंड मी कधीच पाहिलं नाही. नंतर कित्येक वर्षं पलीकडच्या वाशीमच्या बाजारात गेले की माझी नजर खालीच असायची आणि आमचे हे कौतुकानं म्हणायचे, काय मर्यादेची बायको आहे.

नाव विचारून झालं, स्वैपाक विचारून झाला. मग थोरांचं बोलणं सुरू झालं. बापूंनी रात्रभर ठरवून ठेवलं होतं, की वऱ्हाडातला माणूस आहे, पाटील समोर आहे, तेव्हा पाहुण्याला राज्याकडं वळूच द्यायचं नाही, देवात गुंतवून ठेवायचं. देव म्हणजे सुखाचा विषय.

"पाव्हणं, तुमचं कुळदैवत कोनतं म्हनायचं?" बापूंनी विचारलं.

जोडव्यांचे पाय एकदम आत ओढले गेले. नारायणराव घसा साफ करून म्हणाले, "हाय ना. असते सगळ्याइले. कापूस कसा काय यंदा?"

"कापसाचं काय, त्याच्या कृपेनं पिकतंय. घरी भजन होतं का न्हाई?"

"भजन..." नारायणराव घाईनं म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. आमच्याइकडं तं आता झेंडा बदलला, भाऊ. कचेरीवर सोता पाहून आलो म्या. तुमच्याइकडं कवा बदलते?"

पाटीलकाकांचा पाय झुलायचा थांबला.

"समदी त्याची लीला," बापू इतक्या मोठ्यानं म्हणाले की अंगणातला बोकड ओरडला. "झेंडा काय नि दांडा काय. पाव्हणं, तुमच्यात एकादशी कडक पाळतात का फराळाची?"

मला तेव्हाच दिसायला लागलं होतं. पाहुणे देवाला भीत होते आणि आम्ही राज्याला. दोघंही एकमेकांना सांभाळून घ्यायला म्हणून आपल्याला सोपी वाटणारी गोष्ट काढत होते आणि ती नेमकी समोरच्याच्या दुखऱ्या जागी बसत होती. नारायणराव झेंडा काढायचे, बापू एकादशी काढायचे. नारायणराव सभा म्हणायचे, बापू सप्ताह म्हणायचे. एरवी मी हा खेळ बघून पोट धरून हसले असते. पण डाव माझ्यावर लागलेला होता आणि मला तोंड नव्हतं. मी आपली पायाच्या बोटानं बोट दाबत बसले. बोलला नाहीत तर बरं, पावसाचं बोला, बैलांचं बोला, माझं नाक नकटं आहे त्यावर बोला, असं सगळं मनातल्या मनात.

शेवटी बापूंनी घायकुतीला येऊन विचारलं, "तुमचे थोरले चिरंजीव म्हनत असतील की भजन. ते न्हाई आले?"

गोदावरीबाईंनी पदर तोंडाला लावल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. रडण्याला आवाज नव्हता.

नारायणराव म्हणाले, "लपवाचं काय आता. मामा म्हनत होते काही सांगू नका, पन सोयरीक कराची तं सांगनं भाग हाये. थोरला आमचा साधूच्या मेळ्यामांगं निघून गेला. लगन झालेलं, बायको पोटुशी. म्हने, मले देवानं बोलावलं. तवापासून हिनं देव कपड्यात बांधून पेटीत ठेवले, भाऊ. दिवा लावत न्हाई. आमच्या घरी त्याचं नाव काढलं का असं होते."

बापूंच्या पायाची बोटं आखडली होती. ज्या माणसाला देव या विषयावर बोलताना कधी श्वास घ्यायला थांबलेलं आम्ही पाहिलं नव्हतं, त्याच्या तोंडून एवढंच निघालं: "चुकलं माझं, वहिनी."

तिथंच सगळं निभावलं असतं. मी आजही मानते. दोन घरांचं दुःख एकमेकांपुढं आलं होतं, आता धपाटे आले असते, गूळ आला असता. पण गोदावरीबाई भल्या होत्या. आपल्या रडण्यानं शुभकार्यात विघ्न आलं असं वाटून त्यांनीच डोळे पुसले आणि हसत्या आवाजात विषय बदलला.

"जाऊ द्या हो भाऊ. एक गेला तं आता धा आले मले. तुमच्याइकडचेच पोट्टे हायेत ना, आमच्या गावात तळ टाकून. त्याइच्या भाकरी म्याच करतो. त्यातला एक तं इतका गुनाचा हाये, पन डाव्या हातानं जेवते. म्या रागावलो त्याले. तं म्हने, मावशे, आमच्या मायनं उलथन्यानं मारलं तरी ह्यो हात ऐकत न्हाई."

चुलीपाशी धपाटं थापण्याचा आवाज थांबला.

खिडकीत कोणी तरी "अगं बाई" म्हणालं आणि कोणी तरी तिचं तोंड दाबलं. माझ्या पाठीमागं, आत, माय होती. तिचं लेकरू जिवंत होतं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा कळलं होतं, तेही भरल्या बैठकीत, गावाच्या आणि पाटलाच्या देखत, आणि तिला ओरडता येत नव्हतं, रडता येत नव्हतं, बाहेर येऊन त्या बाईच्या गळ्यात पडता येत नव्हतं. तव्यावरचं धपाटं जळायला लागलं. त्याचा वास सगळ्या घरात पसरला, सगळ्यांना आला, आणि एकानंही म्हटलं नाही की काही तरी जळतंय.

गोदावरीबाईंना काय झालं ते कळलंच नाही. त्यांना वाटलं असणार, भाकरीचं सांगण्यात आपल्याकडून काही बढाई झाली.

पाटीलकाका खाकरले. "डावखुरे लई असतात," ते सावकाश म्हणाले. मग पाय खाटेवरून खाली आले, दोन्ही जमिनीला टेकले. "बापू, मला उद्या हिंगोलीला जायाचंय. तिथं इचारतील, पाव्हणे काहून आले व्हते, तुमचं-त्यांचं काय ठरलं. ह्या घराशी तुमी नातं लावून राहिले का न्हाई, तेवढं माझ्यासमोर, ह्या समद्यांसमोर बोला. मी तेवढंच सांगंन."

याहून जास्त ते बिचारे काय करणार होते? तळाला भाकरी घालणारं घर आणि तळावरच्या पोराचं घर, यांची सोयरीक झाली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या दारं-चौकटीही गेल्या असत्या. पाटीलकाकांनी बापूंना बाहेर पडायची एक फट दाखवली होती. त्या फटीत मी बसले होते.

बापू उभे राहिले. त्यांच्या उजव्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरायला घेतली. मायशी भांडताना त्यांचा आवाज चढत जायचा, फिरकी घ्यायचा, गाण्यासारखा व्हायचा. त्या दिवशीचा आवाज सपाट होता.

"पाव्हणं, माफी असावी. ज्या घरात देव पेटीत बांधून घातलेत, देवापुढं दिवा लागत न्हाई, त्या घरात माळकऱ्याची पोरगी जानार न्हाई. आमचं जमायचं न्हाई."

नारायणराव म्हणाले, "आताच तं चुकलं म्हनत होते तुमी."

"जमायचं न्हाई," बापू पुन्हा म्हणाले.

आणि आख्ख्या गावानं ते ऐकलं. राज्याचं नाव नाही, तळाचं नाही, किसनचं नाही. देवावरून मोडलं. आमच्या घरी देवावरून रोजच मोडायचं, त्यामुळे कोणाला नवल वाटण्याचं कारण नव्हतं. गावाला कळलं, पाटलांना कळलं, मला कळलं. फक्त ज्यांना बोललं गेलं त्या दोघांना कळलं नाही. मी मान वर करून सांगू शकले असते का? काय सांगणार? जो शब्द काढला असता तो राज्याचाच निघाला असता. काळ्या नखाचा अंगठा क्षणभर थांबला, मग वळला. गोदावरीबाई जाताना माझ्यापाशी वाकल्या, हनुवटीला हात लावला आणि म्हणाल्या, "पोरगी चांगली हाये हो." त्यांच्या बोटांना पिठाचा वास होता. छकड्याच्या घुंगरांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला.

दार लावल्यावर मायनं ते कोळसा झालेलं धपाटं ताटात घेतलं आणि खाल्लं. खाताना ती हसत होती, आणि माझ्याकडं नजर गेली की रडत होती, आणि दोन्हींतलं नेमकं काय करावं ते तिला ठरवता येईना. बापू गोठ्यात जाऊन बसले. त्या संध्याकाळी घरात भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नुसतं जातं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सरकीचे व्यापारी. पावसाळ्याच्या तोंडावर माझं लग्न लागलं, अंतरपाट दूर झाला आणि शिंकेचा आवाज आला. तपकिरीची. माणूस वाईट नव्हता, उलट फार हौशी निघाला, पण हे मला तेव्हा कोण सांगणार होतं? मी रडत जवळा बाजारला गेले आणि दोन लेकरांची माय झाले. त्यातलं थोरलं माझ्याहून उंच होतं.

आणि दैवाची थट्टा बघा. त्याच पावसाळ्याच्या शेवटी सगळं संपलं. फौजा आल्या, चार-पाच दिवसांत राज्य बदललं, नाका नुसता रस्त्यावरचा दगड होऊन बसला. किसन परत आला, दाढी वाढवून, डाव्या हातानं झेंडा धरून. माय त्याला बडवत होती आणि कुरवाळत होती. आता ओढ्यावर चूळ भरायचं कारण उरलं नाही. ओट्यावर बसून कोणीही काहीही बोलावं. बापू मात्र त्या ओट्यावर बसेनात. त्यांनी किसनला एकच विचारलं, त्या बाई पुढं भाकरी देत होत्या का? किसन म्हणाला, एक दिवस चुकवला नाही. तो आमच्याच घरचा, हे त्यांना पुढं कळलं होतं. तरी त्याबद्दल चकार शब्द नाही. फक्त एकदा विचारलं होतं, तुझी माय देवापुढं दिवा कवा लावते आणि कोणत्या तेलाचा.

तेव्हा बापू किसनला घेऊन वऱ्हाडात गेले. हे सगळं मला किसननं सांगितलं, मी दिवाळीला माहेरी आले तेव्हा. नारायणरावांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली. धाकट्याचं लग्न होऊन गेलं होतं. बापूंनी त्या दिवसाचं सगळं उलगडून सांगितलं: पाटील काय म्हणाले, शेजारच्या गावात काय झालं होतं, किसनचं नाव का काढता आलं नाही. राज्याबद्दल बापू, परतताना चूळ भरायची नसताना, प्रथमच मोकळ्या आवाजात बोलत होते, आणि नारायणराव मान हलवत होते. "समजलो, भाऊ," ते म्हणाले. "राज्याचा मामला होता. तुमच्या जागी म्याही तेच केलं असतं. सोडून द्या." त्यांनी चहा मागवला, साखरेचा.

चहा गोदावरीबाईंनी आणला. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मागं, आतल्या कोनाड्यात, भर दुपारी दिवा जळत होता. देव बाहेर मांडलेले होते, धुऊन, ओळीनं. बापू उठले, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी देवाचं बोललो ते खरं नव्हतं. ते राज्याचं व्हतं."

"व्हय, आयकलं म्या," त्या म्हणाल्या. "पन तुमी बोलले ते गावात फिरलं, भाऊ. दुसरी सोयरीक मोडाले नको म्हून म्या देव काढले. मनात काही न्हाई, नुसता लावतो. आता धाकटी सूनही घरात आली. आता तुमीच सांगा, ह्यो दिवा ठिवू का इझवू?"

किसन म्हणतो, बापू त्या दिव्याकडं बघत उभे होते. मग नारायणराव हळूच म्हणाले, बसा भाऊ, चहा निवून राहिला.